एका तासाचे किती लिटर?

नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाने शिर्डी ५२० किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये या महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, तो एवढाच. मोटारींना कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. वाटेत सिग्नल नाही, गावातला चौक नाही, रिक्षा आडवी येत नाही. मायलेजवरून भांडायला महाराष्ट्रात याहून चांगला रस्ता सापडणार नाही, कारण इथे ट्रॅफिकच्या नावाने खापर फोडता येत नाही. पेट्रोल जास्त गेलं तर ते एक गाडीमुळे, नाहीतर चालवणाऱ्याच्या उजव्या पायामुळे.

भांडणारे दोघं एकाच घरातले. मामा एसटीचे निवृत्त चालक, सगळी नोकरी विदर्भातल्या डेपोंत झालेली. एसटीत डिझेलचा हिशेब ‘केपीटीएल’मध्ये, म्हणजे दहा लिटरमागे किती किलोमीटर असा होतो. कोणता चालक किती काढतो यावर साहेबांचं लक्ष असायचं, आणि चालकांचं एकमेकांवर त्याहून जास्त. मामांच्या डोक्यातून तो आकडा अजून गेलेला नाही. भाची चाकणच्या कारखान्यात वाहन अभियंता. नोकरीला लागल्यापासून पुण्यात, सवय द्रुतगती मार्गाची. घरची गाडी दीड लिटर पेट्रोल इंजिनाची, मॅन्युअल गिअरची सेडान. चार माणसं आणि सामान घेऊन शिर्डीला जायचं ठरलं आणि पहिलीच ठिणगी वेगावरून पडली.

“ऐंशी,” मामा म्हणाले. “त्याच्यावर काटा गेला का पेट्रोल भसाभस जाते.”

“मग समृद्धीचा टोल कशाला भरायचा? हजारेक रुपये देतो ते वेगासाठीच ना, मामा? १२० ची परवानगी आहे. सव्वाचार-साडेचार तासांत शिर्डी.”

“परवानगी आहे, सक्ती नाही ना बाप्पा!”

मामांनी पुस्तकं वाचली नव्हती, पण त्यांचं म्हणणं पुस्तकाला धरून होतं. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोनच गोष्टी मागे ओढतात. एक टायर. फिरताना रबर दबतं, सुटतं आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. ही ओढ गाडीच्या वजनावर ठरते, वेगाने फारशी बदलत नाही. दुसरी हवा, आणि तिची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ८० वरून १२० म्हणजे वेग दीडपट, पण हवेचा विरोध सव्वादोनपट. माणसं-सामान धरून साडेचौदाशे किलो भरणाऱ्या सेडानला ८० च्या वेगात टायर आणि हवा जवळपास बरोबरीने ओढतात. १२० ला एकूण विरोधातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या हवेचा होतो.

सेडानचा आकार इथे कामाला येतो. गाडी बसकी, समोरून हवेला भिडणारं क्षेत्र कमी, आणि मागे डिकीमुळे छतावरून आलेली हवा तुलनेने सावकाश सुटते. सेडानचा हवारोध गुणांक साधारण ०.३० च्या आसपास असतो. उंच एसयूव्हींचा बहुधा ०.३५ च्या पुढे, त्यात समोरचं क्षेत्रही मोठं. शहरातल्या चाळीसच्या वेगात हा फरक जाणवत नाही. महामार्गावर टाकी भरताना तो पावतीवर दिसतो.

“मग झालं तर! आमच्या टायमाले पीसीआरएचे लोक सांगत, ४५ ते ५५ वर ठेवा, सगळ्यात जास्त एव्हरेज. मी तर ८० म्हणून राहिलो.”

पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था, म्हणजेच पीसीआरए, मोटारचालकांना हा सल्ला वर्षानुवर्षं देते आहे आणि तो चुकीचा नाही. भाचीचा आक्षेप वेगळा होता. “मामा, एवढंच खरं असतं तर वीसने चालवल्यावर आणखी परवडलं असतं. तसं होत नाही.” इंजिन नुसतं चालू ठेवायलाही तेल लागतं. आतलं घर्षण, पाण्याचा पंप, अल्टरनेटर, एसी यांचा खर्च तासावर होतो, किलोमीटरवर नाही. गाडी जितकी सावकाश, तितका हा तासाचा खर्च कमी किलोमीटरांवर पडतो. म्हणून सगळ्यात काटकसरीचा वेग मध्येच कुठेतरी असतो : वरच्या गिअरमध्ये इंजिन न कुंथता चालेल इतका, पण हवा अंगावर येणार नाही इतकाच. बहुतेक पेट्रोल सेडानचा तो ६० ते ८० च्या पट्ट्यात येतो. एसी चालू असला तर आणखी थोडा वर सरकतो.

“आणि समृद्धीवर जड वाहनांना ८० ची मर्यादा आहे. तिथे तुम्ही ५० ने मोटार काढली तर ट्रक मागून येऊन भिडेल. पेट्रोल वाचेल, डिकी नाही वाचणार.”

यावर मामा बोलले नाहीत. मागून येणाऱ्या ट्रकचा विषय त्यांनी भाचीपेक्षा जास्त जवळून पाहिला होता.

मग भाचीने कागद घेतला. गणित कच्चंच होतं, पण अशा सेडानला साजेसं : एसी चालू, चार माणसं, पेट्रोल हिशेबाच्या सोयीसाठी १०० रुपये लिटर. ८० च्या वेगात लिटरला साडेएकोणीस किलोमीटर, ९० ला १८, १०० ला सुमारे पावणेसतरा, १२० ला चौदाच्या थोडं वर. ५२० किलोमीटरला ८० ने साडेसहा तास आणि पावणेसत्तावीस लिटर. ९० ने पावणेसहा तास, एकोणतीस लिटर. १०० ने पाच तास बारा मिनिटं, एकतीस लिटर. १२० ने चार तास वीस मिनिटं आणि सदतीस लिटर.

हे आकडे तिने उलटून मांडले, तिथे वादाला खरी गंमत आली. ८० वरून ९० वर गेल्यावर पाऊण तासाच्या आसपास वाचतं आणि सव्वादोन लिटर जास्त जातं. म्हणजे वाचलेला तास तीनशे रुपयांना पडला. ९० वरून १०० वर तोच तास पावणेचारशेच्या घरात. आणि १०० वरून १२० वर? बावन्न मिनिटं वाचतात, सहा लिटर जास्त जळतात. तास जवळजवळ सातशे रुपयांना.

“म्हणजे वेळ विकत मिळते, पण पुढचा पुढचा तास महाग,” मामांनी एका वाक्यात सार काढलं.

“तेच म्हणते मी. ज्याला दुपारी तीनला विमान पकडायचंय त्याला सातशे रुपये स्वस्त आहेत. चार माणसांचा एक एक तास वाचतो, तो धरला तर माणशी पावणेदोनशे.”

“आन् ज्याले विमान नाही पकडायचं? आपण दर्शनाले चाललो. तू वाचवलेली बावन्न मिनटं चहाच्या टपरीवर अन् मोबाइलात जातीन. मी जन्मभर पाह्यलं, जोरात येणारा ड्रायव्हर टपरीवर जास्त वेळ बसते. थकते ना तो.”

मामांकडे आणखी एक मुद्दा होता, आणि तो पेट्रोलचा नव्हताच. ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतरही वेगाच्या वर्गानेच वाढतं. ८० ला जेवढ्या जागेत गाडी थांबते, त्याच्या सव्वादोनपट जागा १२० ला लागते. पेट्रोल वाढवणारा आणि थांबण्याची जागा वाढवणारा गुणाकार एकच आहे. नीलगाय किंवा रानडुक्कर दुभाजकावरून उडी मारतं तेव्हा टोलची पावती दाखवता येत नाही, असं मामांचं म्हणणं. भाचीने तडजोड सुचवली : ९५. मामांनी ती ९० वर आणली. कोणीच खूश नव्हतं, म्हणजे सौदा बरा झाला होता.

एक बारकावा मात्र तिने सांगितला. गाडीचा वेगकाटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. नियमाने तो कमी दाखवू शकत नाही, म्हणून कंपन्या वरच्या बाजूला जागा ठेवतात. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहिलं तर काट्यावरचे १०० बहुधा ९५ ते ९७ निघतात. म्हणजे काट्यावर पंचाण्णव ठेवले की मामांचे नव्वद आपोआप होत होते.

पंपावर टाकी भरताना मामांची जुनी तक्रार निघाली. “जाहिरातीत पंचवीस लिहिते, रस्त्यावर सोळा-सतरा. ही लबाडी नाही का?”

लबाडी नाही, पण तो आकडा महामार्गाचाही नाही. भारतात मोटारीचं प्रमाणित मायलेज रस्त्यावर मोजत नाहीत. पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांमध्ये गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या चक्राप्रमाणे चालवतात. हे भारतीय चक्र ११८० सेकंदांचं, म्हणजे वीस मिनिटांहून कमी. त्याचा मोठा भाग शहरी थांबत-निघत चालण्याचा, शेवटची चारशे सेकंद महामार्गाची, आणि तिथेही कमाल वेग ९०. एसी बंद. घाट नाही, समोरचा वारा नाही, छतावर बॅगा नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरचा मॅन्युअल गिअरचा २४.७९ हा आकडा असाच मिळालेला. तो दोन गाड्यांची तुलना करायला चांगला. शिर्डीचं पेट्रोल मोजायला निरुपयोगी.

“मग हायब्रीड घ्याव का? तुमच्या पुण्यातले लोक लय सांगत असतात.”

“शहरात फिरत असाल तर घ्या. फक्त महामार्गासाठी असेल तर विचार करा.” होंडा सिटीचं हायब्रीड रूप मे २०२२ मध्ये आलं तेव्हा त्याचं प्रमाणित मायलेज लिटरला २६.५ किलोमीटर होतं. साध्या पेट्रोल मॅन्युअल सिटीचं १७.८. हा फरक बराचसा शहरात कमावलेला असतो. तिथे ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते आणि सावकाश चालताना इंजिन बंद राहतं. महामार्गावर एकसारख्या वेगात ही गाडी एका क्लचने इंजिन थेट चाकांना जोडते. तिथे ती चांगल्या पेट्रोल गाडीसारखीच चालते. ब्रेकच लागत नाही, तर परत मिळवायचं काय?

टायरच्या हवेवरून मात्र भाची खरोखर चिडली. उन्हाळा होता, आणि मामांनी पंपावरच्या पोराला सांगितलं होतं, “अठ्ठावीसच ठेव. ऊन आहे, टायर तापून फुगते. जास्त हवा भरली तर फुटन.”

विदर्भात, मराठवाड्यात हा समज घरोघर आहे, आणि तो नेमका उलटा आहे. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, वाकून तापतात, आणि तापलेलं रबर-दोरा सैल पडत जातात. सिमेंटच्या रस्त्यावर, भर दुपारी, तासन् तास एकसारख्या वेगात हे घडत राहिलं की फुटायची वेळ येते. गाडीच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा टायर गार असतानाचा असतो. चालल्यावर दाब चार-पाच पौंडांनी वाढणार, हे गृहीत धरूनच तो ठरवलेला. म्हणून हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी तपासायची. तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडायची नाही. पूर्ण माणसं आणि सामान असेल तर त्याच चिठ्ठीवर दुसरा, थोडा वरचा आकडा दिलेला असतो. तो घ्यायचा.

मायलेजचा फायदा त्यामानाने लहान. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाने चारही टायरांत एक पौंड हवा कमी असली तर इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त जातं. पाच पौंड कमी म्हणजे एक टक्का. शिर्डीच्या प्रवासात पाव-अर्धा लिटर. “पेट्रोलसाठी नका भरू,” भाची म्हणाली, “पण भरा.” नायट्रोजनबद्दल दोघांचं एकमत झालं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन सावकाश झिरपतो, त्यामुळे महिनोन् महिने हवा न तपासणाऱ्याला थोडा उपयोग होतो. महिन्यातून दोनदा तपासणाऱ्याला साधी हवा पुरे.

एसीचा वाद प्रत्येक घरात होतो, तसा इथेही झाला. मामांची काच खाली, भाचीचं बोट एसीच्या बटणावर. दोघांचंही खरं होतं, फक्त वेगवेगळ्या वेगाला. एसीचा कॉम्प्रेसर बाहेरच्या उन्हाप्रमाणे ताशी साधारण अर्धा लिटर, कडक उन्हात त्याहून थोडं जास्त पेट्रोल खातो. गाडी चाळीसने जावो की शंभरने, तासाचा खर्च तोच. उघड्या काचेचा खर्च हवेच्या विरोधातून येतो, म्हणजे वेगाच्या वर्गाने वाढतो. सेडानचं तर सगळं भांडवलच गुळगुळीत आकार. काच खाली केली की तेच मोडतं. गावातून, चाळीस-पन्नासच्या वेगात काच उघडी परवडते. ऐंशीच्या पुढे फरक घटत जातो आणि नव्वद-शंभरला काच उघडून हाताला फारसं काही लागत नाही, उलट डोकं भणभणतं. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांत थकलेला चालक कोणत्याही लिटरपेक्षा महाग पडतो, हे मामांनीच जोडलं.

गाडी उन्हात उभी असेल तर सुरुवातीला दोन मिनिटं काचा उघडून आतली गरम हवा जाऊ द्यायची आणि मग एसी लावायचा, हा मधला मार्ग दोघांना पटला.

उतारावरचं न्यूट्रल ही मामांच्या पिढीची आवडती काटकसर. त्यांनी स्वतः एसटी कधी न्यूट्रलवर सोडली नाही. घाटात तसं करणाऱ्यांचं काय होतं ते पाहिलं होतं. पण मोटार लहान, उतार सौम्य, मग काय हरकत, असा त्यांचा सवाल.

“हरकत ही की त्यात पेट्रोल वाचत नाही, मामा. जातं.” कार्ब्युरेटरच्या काळात गिअरमध्ये उतरतानाही इंजिन थोडं पेट्रोल ओढायचं. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढला, की फेरे पुरेसे असेपर्यंत संगणक इंजेक्टर बंदच करतो. चाकं इंजिनाला फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं तर इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरावं लागतं, म्हणजे तासाला अर्धा-पाऊण लिटरच्या दराने जळत राहतं. वर इंजिनाचा ब्रेक गेला तो वेगळाच. बोरघाटात आणि पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर अवजड वाहनांचे जे अपघात होतात, त्यांत न्यूट्रलवर सोडलेल्या गाड्यांचे ब्रेक तापून निकामी होणं हे कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. चार थेंबांसाठी घेतलेली ती जोखीम आहे, आणि मोटारीत तर ते चार थेंबही मिळत नाहीत.

चढाचा हिशेब मात्र कोणालाच चुकवता येत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. साडेचौदाशे किलोंची गाडी मुंबईहून तिथवर नुसती उचलायलाच जवळजवळ एक लिटर पेट्रोल लागतं. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात एवढं म्हणजे लिटरमागे दीड-दोन किलोमीटरचा फटका. मुंबईला जाताना मायलेज चांगलं आणि येताना वाईट, असं पुणेकर सांगतात ते यामुळे. उतरताना ती उंची पूर्ण परत मिळत नाही, कारण घाटातला बराच भाग ब्रेकमध्ये जातो. शिर्डीही नागपूरपेक्षा सुमारे दोनशे मीटर उंच आहे. एका फेरीच्या आकड्यावरून गाडीला चांगली-वाईट म्हणू नये, जाऊन-येऊन मोजावं.

“हे सगळं खरं,” मामा म्हणाले, “पण एअर फिल्टर साफ केला नाही तर काही खरं नाही.” इथे भाचीने त्यांना हळूच धक्का दिला. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने इंजेक्शनच्या गाड्यांवर हे तपासलं आहे. फिल्टर घाण असला तर गाडी जोर कमी धरते, मायलेज जवळपास तेवढंच राहतं. हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी सोडतो. कार्ब्युरेटरला ही अक्कल नव्हती, म्हणून मामांचा अनुभव त्या काळापुरता बरोबर. फिल्टर बदलायचा तो इंजिनासाठी.

पेट्रोलबद्दलची मामांची शंका मात्र तिने उडवून लावली नाही. “ते वीस टक्केवालं पेट्रोल आलं तवापासून एव्हरेज पडलं, लोक म्हणून राहिले.” इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या लिटरात ऊर्जा सहा-सात टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धर्तीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल आणि या इंधनासाठी जुळवलेल्या गाड्यांचं १ ते २ टक्के, असा अंदाज दिलेला आहे. जुनी सेडान लिटरला अठरा देत असेल, तर सव्वा किलोमीटर इथेच गेला. तो चालकाच्या पायाने पूर्ण भरून निघेलच असं नाही, पण ९० आणि १२० मधला फरक त्याच्या तिप्पट आहे.

निघताना शेवटची चकमक सामानावरून. मामींच्या दोन बॅगा छतावर बांधायच्या, असं ठरत होतं. सिटीसारख्या सेडानची डिकी ५०६ लिटरची असते, तरी घरातल्यांना छतच दिसतं. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार छतावरची मोठी पेटी महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि द्रुतगती वेगांना १० ते २५ टक्के मायलेज खाते. पंचेचाळीस किलो जादा वजन गाडीच्या आत ठेवलं तर मात्र एखादाच टक्का. म्हणजे बॅग तीच, माणसाच्या पायापाशी ठेवली तर क्षुल्लक, छतावर बांधली तर तीन-चार लिटर. मामींच्या एका बॅगेतलं अर्धं सामान घरी राहिलं. या विषयावर मामा आणि भाची दोघंही एका बाजूला होते आणि दोघांनाही मामींकडून ऐकून घ्यावं लागलं.

रस्त्याला लागल्यावर भाचीने क्रूझ कंट्रोल लावायचं सुचवलं. सपाटीला ते उत्तम : पाय नकळत वर-खाली होत नाही, काटा १०५-११० वर सरकत नाही. चढ आला की मात्र ते यंत्र वेग टिकवायला भरभरून पेट्रोल ओततं. जाणता चालक चढावर पाच-सात किलोमीटर वेग घसरू देतो आणि उतारावर परत घेतो. मामा हेच करत होते, नाव न घेता. पुढे दोन ट्रक एकमेकांना ओलांडताना दिसले की ते पाचशे मीटर आधी पाय काढायचे. ब्रेकला पाय लागायचा नाही आणि गाडी ट्रकपाशी पोहोचेपर्यंत वाट मोकळी. जोरात जाऊन ब्रेक, पुन्हा जोरात, अशा चालवण्याने महामार्गावर १५ ते ३० टक्के मायलेज जातं, असं ते अमेरिकी खातं सांगतं. मामांनी हा आकडा ऐकून फक्त मान हलवली. केपीटीएल काढणाऱ्याला तो नवीन नव्हता.

ट्रकच्या अगदी मागे राहून त्याच्या आडोशाने हवा चुकवण्याची युक्ती भाचीने विचारली, तेव्हा मामांनी एका शब्दात नाही म्हटलं. आडोसा मिळतो हे खरं, पण समोरचं काही दिसत नाही, आणि भरलेल्या ट्रकचा फुटलेला टायर काचेवर येतो.

थांबल्यावर त्यांनी चारही चाकांजवळ हात नेला, रिमला न लावता. एकाची ऊब बाकीच्यांपेक्षा जास्त असली तर तो ब्रेक चिकटतो आहे, पेट्रोल खातो आहे. ही तपासणी भाचीच्या अभ्यासक्रमात नव्हती. परत आल्यावर तिने ती कारखान्यातल्या सहकाऱ्यांना सांगितली.

दोघांचा निकाल इतकाच : गाडी चांगली असेल तर महामार्गावरचं मायलेज मुख्यतः वेगाने ठरतं. छतावरचं सामान आणि चालवण्याची धाटणी त्यानंतर, टायर-एसी त्याच्याही नंतर. समृद्धीसारख्या रस्त्यावर सेडान ९० ते १०० च्या दरम्यान ठेवली तर वेळ आणि पेट्रोल दोन्ही बऱ्या भावात मिळतात. घाई असेल तर १२० जरूर चालवा. त्या तासाची किंमत माहीत असू द्या. आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो काही टक्के फुगलेला असू शकतो. निघताना पंपाचं नोझल आपोआप थांबेपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, परत आल्यावर त्याच पंपावर तशीच भरा आणि किलोमीटरांना लिटरने भागा. पुढच्या खेपेला दहाने कमी वेगात जाऊन पुन्हा मोजा.